कै. थोरला आणि कै. धाकटा

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील समस्त आप्तेष्ट, पाहुणेमंडळी आणि कॅसेट ऐकणाऱ्या सर्व थोरामोठ्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, कै. थोरला आणि कै. धाकटा यांच्या मृत्यूला मी जबाबदार नाही. त्यांच्या सुतकाला मात्र मीच जबाबदार आहे. इतकी वर्षं हे मी लेखी कबूल केलं नव्हतं. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ असं कळवलं, तेव्हा म्हटलं, आधी हे ओझं उतरवावं, मग फराळाला बसावं.

धंदा म्हणजे कॅसेटचा. शिरूरच्या एसटी स्टँडाजवळ माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. सहा फूट रुंद, दहा फूट खोल, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत कॅसेटी. गिऱ्हाईक यायचं, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायचं, आणि संध्याकाळी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. साठ मिनिटांची असेल तर तीस मिनिटं ‘ए’ बाजूला, तीस ‘बी’ बाजूला. भरून झाली की तिच्या डोक्यावरचे दोन प्लॅस्टिकचे दात मी मोडून टाकी, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरू नये. कायद्याचं मला तेव्हा फारसं माहीत नव्हतं, आणि जेवढं माहीत होतं तेवढं मी दुकान उघडताना विसरत असे.

गिऱ्हाइकं एकेक. एक टेम्पोवाला यायचा, त्याला दोन्ही बाजूंना एकच गाणं लागायचं. “दुसरं लागलं की मला झोप येती,” म्हणायचा. एक बागाईतदार आले, म्हणाले, कुत्र्याचं भुंकणं भरून द्या, रानात लावतो, डुकरं येणार नाहीत. मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला दोन दिवस चिडवून साठ मिनिटं भरून दिली. आठवड्यानं ते परत आले. डुकरं गेली नव्हती. घरचं कुत्रं मात्र गेलं होतं.

अशा या दुकानात एका गुरुवारी बिरू आला. गुरुवारी रांजणगावच्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी, म्हणून तो माझा गर्दीचा दिवस. बिरू पंचविशीचा, उंच, काळासावळा, डावा हात पँटच्या खिशात. गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला आणि मग म्हणाला, “शेठ, एक कॅसेट भरायची हाय. माझ्या आवाजात.”

“भजनं का?”

“न्हाई. मयतीची.”

मी वर पाहिलं. त्यानं खिशातून हात काढला आणि काउंटरवर ठेवला. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि करंगळी. मधली दोन नव्हती.

“ह्यो थोरला,” मधल्या बोटाच्या थोटकाकडे बघत तो म्हणाला, “आन् ह्यो धाकटा. प्रेसखाली गेले. त्यांच्यावर गाणी केल्यात.”

बिरूचं घर धनगरांचं. त्याच्या आज्याची मेंढरं होती, बापाची होती, आणि बिरूच्या हाती काठी येईपर्यंत ती विकून जमीन घेऊन झाली होती. उरली होती दहा-बारा, बापाच्या हौसेखातर. पण ओव्या मात्र घरात होत्या तशाच होत्या. बिरू दिवसा कंपनीत पत्रा ठोकायच्या मशीनवर, ज्याला ते लोक पॉवर प्रेस म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी देवळापुढं ढोल घेऊन. एके दिवशी हात आत असताना पायानं पेडल दाबलं गेलं. तो म्हणे, “चूक पायाची, सजा बोटाला. आमच्या घरात असंच हाय.”

मी त्याला म्हटलं, “अरे, यावर हसायचं की रडायचं?”

“‘ए’ बाजूला रडायचं, ‘बी’ बाजूला हसायचं,” बिरू म्हणाला. त्याचं सगळं ठरलेलं होतं.

रेकॉर्डिंग करायला मी त्याच्या घरी गेलो. न्हावऱ्याच्या रस्त्याला आत वळलं की त्याचं गाव. धान्याची खोली आम्ही रिकामी केली. आवाज घुमू नये म्हणून शहरातले स्टुडिओवाले भिंतींना काय काय लावतात असं मी ऐकून होतो. बिरूच्या घरात घोंगड्या होत्या. नऊ घोंगड्या चारी भिंतींना खिळ्यांवर टांगल्या, दाराला दहावी. खोलीत मेंढरांचा असा वास सुटला की बाहेरची मेंढरं दाराशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या ओवीत एक कोकरू ओरडतं ते त्यामुळेच. मी पुन्हा घेऊ म्हटलं, तर बिरूचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. सुरात हाय.”

आबा मागं बसून झील धरायचे, म्हणजे बिरूच्या ओळीचं शेपूट पकडून लांबवायचे. सत्तरीचा माणूस, तोंडात तीन दात, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. बिरू ढोल वाजवी. उजव्या हातात टिपरू आणि डाव्या बाजूला उरलेल्या बोटांची थाप. ती थाप जरा लंगडी पडायची, आणि त्या लंगडेपणातच काहीतरी असं होतं की ऐकणाऱ्याचा पाय हलायला लागायचा. गाताना मात्र तो ढोल थांबवून डावा हात कानावर ठेवायचा. आमच्याकडच्या गाणाऱ्यांची ती रीतच आहे. कानावर हात ठेवल्याशिवाय त्यांना स्वतःचा सूर सापडत नाही. बिरूच्या कानावर आता तीनच बोटं असायची आणि मधल्या फटीतून कान दिसायचा. तो म्हणायचा, “आता जास्त ऐकू येतंय.”

सुरुवात अर्थातच सुंबरानानं, म्हणजे नमनानं. पण नमन कुणाला?

*सुंबरान मांडिलं, कंपनीच्या गेटाला,*
*पहिलं नमन वाचमनला, दुसरं पंचिंग कार्डाला.*

आणि मग ‘ए’ बाजूची मोठी ओवी, वीस मिनिटांची.

*दोघं माझे पाठीराखे, संगं माझ्या वाढले,*
*एका काठीला धरून दोघांनी मेंढरं वळले.*
*थोरला गं उंचीचा, धाकटा गं देखणा,*
*धाकट्याला मुदी घालायची, ऱ्हाऊन गेली साजणा.*
*पहिल्या पाळीला गेले दोघं, घरी न्हाई आले,*
*कंपनीच्या दारात माझे सोबती मातीला मिळाले.*

मी हेडफोन लावून बसलो होतो. मला सगळं माहीत असून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोट हा शब्द त्या बाजूला एकदाही येत नाही. तो येतो तो थेट ‘बी’ बाजूला, आणि तिथं बिरू नुसता सुटतो.

*शिकरापुरात खोली मिळंना, हिंडून दमला गडी,*
*माझ्या हातमोज्यात दोन रिकाम्या, ऱ्हायला या की थोडी.*

आणि साहेबाला अर्ज:

*दोन दिले तवा झालो सायेब परमनंट,*
*आख्खा हात घ्या की आता, सुपरवायझर करा झटकन.*

हे खरंच होतं. अपघातानंतर कंपनीनं त्याला कायम केलं होतं.

आता माझा गुन्हा. कॅसेटच्या डबीत जो छापील कागद असतो, ज्याला आम्ही इनले म्हणत असू, त्यावर काय छापायचं हा प्रश्न आला. बिरू म्हणाला, “माझ्या हाताचा फोटू छापा. बघणाऱ्याला समजंल.” साधी, सरळ, शहाणी सूचना. पण मला तेव्हा आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं. मी छापखान्यात जाऊन काळी चौकट काढून घेतली, दोन बाजूंना दोन समया, आणि मधे मोठ्या अक्षरांत: ‘कै. थोरला व कै. धाकटा यांच्या स्मरणार्थ. गायक व दुःखी: बिरू. सोबत आबा.’ खाली बिरूच्या गावाचं नाव आणि माझ्या दुकानाचा पत्ता. बिरूनं तो कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाला, “शेठ, ह्ये लोकांना खरं वाटंल.”

मी म्हटलं, “अरे, कोणाला वाटेल?”

कंपनीतल्या कुणालाच वाटलं नाही. ते सगळे बिरूला ओळखत होते. कॅसेट अशी चालली की मला दोनदा पुन्हा प्रती भराव्या लागल्या. पहिल्या पाळीच्या कंपनी बसमध्ये लागायची. गुरुवारी पोरं दुकानात यायची ती तोंड पाडूनच. “शेठ, ऐकून लई वाईट वाटलं. थोरला लई मोठ्या मनाचा व्हता.” मी पण गंभीर चेहरा करून सांगायचो, “धाकटा त्याहून.” हा आमचा खेळच झाला होता. गिऱ्हाईक जितकं गंभीर, तितका मी जास्त गंभीर. या खेळात मला हरवणारा शिरुरात कोणी नव्हता.

मग दोन महिन्यांनी बिरू आला. हात पुन्हा खिशात.

“शेठ, सोयरीक जमलीया. दौंडची. मंगल नाव हाय.”

“वा. मग हात खिशात का?”

तेव्हा त्यानं सांगितलं. मध्यस्थानं त्याला बजावलं होतं की लग्न होईपर्यंत हात दाखवायचा नाही. पोरगी बघायला गेला तेव्हा अंगात सफारी, डावा हात सफारीच्या खिशात, उजव्या हातानं पोहे. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात ती पोरगीच म्हणाली, “तुमी गाता म्हणं. म्हणा की एखादं.” आणि बिरूचं पाणी पाणी झालं. गायचं म्हणजे हात कानावर आला. हात कानावर आला म्हणजे सोयरीक गेली. तो म्हणाला, “घसा बसलाय.”

“मग ती काय म्हणाली?”

“काय न्हाई. नुसती बघत ऱ्हायली. शेठ, इतकं कुनी कवा माझ्याकडं बघितलं न्हाई.” खाली बघत तो म्हणाला, “तिला ओवी म्हनून दावायची ऱ्हायली, ह्येच डोक्यात बसलंय. येवढं लगीन होऊ द्या. तुमची ती कॅसेट तेवढी दौंडला जाता कामा नये.”

“नाही जाणार,” मी म्हणालो.

दहा कॅसेटी दौंड स्टेशनबाहेरच्या एका दुकानात मी पंधरा दिवसांपूर्वीच पाठवल्या होत्या. हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी उद्या मागवून घेतो असं मनात म्हणालो, आणि उद्या गर्दी होती.

यानंतर महिन्याभरानं एक जीप दुकानासमोर उभी राहिली. आतून पाच-सहा माणसं उतरली. पुढं पन्नाशीचे एक गृहस्थ, पांढरं धोतर, पांढरी टोपी, दाढी वाढलेली. मागं दोन बायका, डोक्यावरून पदर. गृहस्थांनी खिशातून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. काळी चौकट, दोन समया.

“ही तुमच्याकडंच भरली का?”

“आमच्याकडंच,” मी लगेच चेहरा पाडला. मनात म्हटलं, आजचे गडी फारच तयारीचे आहेत, बायकासुद्धा आणल्यात.

“ह्ये दोघं कवा गेले?”

“वर्ष व्हायचंय अजून.”

“दोघंबी एकदमच?”

“एका दमात. मशीनमध्ये सापडले.”

“वाचायची काय आशा नव्हती?”

“पिशवीत घालून दवाखान्यात नेलं होतं,” मी उसासा टाकला. “डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.”

मागच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मला तिचं फार कौतुक वाटलं.

“लग्नं झाली व्हती का त्यांची?”

“कुठली? धाकट्याला अंगठी घालायचं चाललं होतं. नशीब.”

गृहस्थांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. ते मागं वळून म्हणाले, “खरंच हाय. मध्यस्थ म्हणत व्हता, पोरगा एकुलता हाय. एकुलता कसा झाला ते आत्ता कळलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्या मायाप्पा. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन हाय. बिरूचा व्हणारा सासरा. सिग्नल बघितल्याबगर गाडी सोडायची आमाला सवय न्हाई, म्हणून आधी तुमच्याकडं आलो. आता घरी भेटून येतो.”

त्यानंतर चेहरा मला पाडावा लागला नाही.

खरं सांगावं तर हात उघडा पडणार. नाही सांगावं तर कधी न जन्मलेल्या दोन माणसांच्या सुतकाला जीप जाणार. मी शटर ओढलं आणि म्हणालो, “मीही येतो.” वाटेत एकटे सापडले तर मायाप्पांना सांगू असा बेत होता. मला मागच्या बाकावर दोन बायकांच्या समोर जागा मिळाली. त्यातली एक रस्ताभर मला सांगत होती, “आमची मंगल ऐकून आजारी पडायची बाकी ऱ्हायली. अजून त्या घरात पाऊल न्हाई टाकलं, तरी दहा दिवस पोरीनं डोक्याला तेल लावलं न्हाई, गोडाला शिवली न्हाई. म्हणती, माझे दीरच की. ह्यांना सुट्टी मिळंना, न्हाईतर कवाच आलो असतो.”

“‘बी’ बाजू ऐकली का तुम्ही?” मी हळूच विचारलं.

“कसली बाजू? ते रडणं संपलं तवा सगळी रडत व्हती. पुढचं कोन लावतंय?”

आता आमच्या भागातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मयतीनंतर भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्यापासूनच गळा काढतात, आणि ज्यांच्या घरी आल्या ते लोकही लगेच सूर धरतात. कोण गेलं, कसं गेलं हे त्या वेळी कुणी विचारत नाही. विचारणं हा अपमान. रडणं झालं, पाणी झालं, की ओघात कळतं.

आबा अंगणात सुंभ वळत बसले होते. जीप थांबली, होणारे व्याही पांढऱ्या कपड्यांत उतरले, बायकांनी गळा काढला. आबांनी सुंभ टाकलं. त्यांना वाटलं, दौंडात कोणीतरी गेलं आणि मंडळी सांगायला आली. रीतीचा माणूस. उठून मायाप्पांच्या गळ्यात पडले आणि त्यांनीही मोठ्यानं हंबरडा फोडला. शेजारच्या चार बाया धावत आल्या आणि काही न विचारता त्यांनीही सुरुवात केली. मी मधे उभा.

“लई वाईट झालं, आबा,” मायाप्पा म्हणाले.

“लई वाईट.”

“भरल्या घरातनं गेले.”

“देवाच्या मनात आलं की काय चालतंय?”

“तुमच्याकडं बघून आमालाच धीर धरवंना.”

“तुमी धीर धरा, पाव्हणं. येळ तुमच्यावर आलीया.”

“आमच्यावर कुठली? तुमच्यावर आलीया.”

आबांनी डोळे पुसून वर बघितलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. रडणं मात्र चालूच होतं, कारण ते बायकांकडे होतं.

तेवढ्यात पहिली पाळी सुटून बिरू मोटरसायकलवरून आला. दारात गर्दी, रडणं आणि मधे मी. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मायाप्पांच्या हातातल्या कॅसेटकडे बघितलं, आणि तो समजला. तो उतरेपर्यंत मायाप्पांनी त्याला मिठी मारली. “पोरा, दोन भाऊ गेले आन् तू कुनाला बोलला न्हाईस?”

खोटं बोलणं त्या क्षणाला फार सोपं होतं. गेले म्हणायचं, मान खाली घालायची, लग्न वर्षभर पुढं ढकलायचं. बिरूचा डावा हात सवयीनं खिशाकडे गेलाही. मग तो थांबला. त्यानं हात वर केला आणि मायाप्पांच्या डोळ्यांपुढं धरला.

“मामा, भाऊ न्हाईत. ह्यो थोरला व्हता. ह्यो धाकटा.”

रडणं एकेक करून थांबलं. शेवटची एक बाई जरा लांब होती, तिला उशिरा कळलं. मायाप्पांनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मी पुढं होऊन सगळं सांगितलं. काळी चौकट माझी, समया माझ्या, पिशवी आणि दवाखाना माझा. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी आबाच म्हणाले, “मंग तुमच्यातलं कोन गेलं?”

“कोन न्हाई, आबा.”

“मंग खाली तरी बसा. च्या टाकाया सांगतो.”

मायाप्पा बसले नाहीत. “दोन पोरं गेली म्हणून आलो, आन् दोन बोटं निघाली,” ते म्हणाले. “आनंद करावा का राग, ह्येच मला कळंना.” मग बिरूला म्हणाले, “बोटं गेली त्याचं काय न्हाई. आमच्याकडं एक पाय नसलेला गडी हाय, संसार करतोय. पर तू हात खिशात घातलास. लाल दिवा फडक्यानं झाकून गाडी घेतलीस आत. ह्ये मला न्हाई पटलं.”

“मामा, आधी दावला असता तर दिली असती का पोरगी?”

मायाप्पांनी खरा विचार केला. रेल्वेतला माणूस, खोटं बोलला नाही.

“न्हाई,” ते म्हणाले.

“मंग आता?”

“आता माझ्या हातात न्हाई. दहा दिवस रडली ती. तिला इचारतो.”

जीप गेली. चहा तसाच राहिला. बिरू ओट्यावर बसून होता. मी त्याला दौंडच्या दहा कॅसेटींचं सांगितलं. मला वाटलं, आता हा मला मारणार. तो एवढंच म्हणाला, “हात छापा म्हनलो व्हतो, शेठ.” त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे बारा दिवस मी दुकानात कोणाशी विनोद केला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं, घरी काही झालं असावं. एक-दोघं भेटूनही गेले.

तेराव्या दिवशी मायाप्पा एकटेच आले. दाढी केलेली होती. त्यांनी तीच कॅसेट काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, “परत करायला आलात?”

“दुरुस्त करायला. पोरीनं सांगितलंय, छपाईत चूक हाय.”

मी डबी उघडली. निळ्या बॉलपेननं दोन्ही ठिकाणचं ‘कै.’ खोडलं होतं, आणि वर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘सेवानिवृत्त’.

“‘बी’ बाजू ऐकली तिनं,” मायाप्पा म्हणाले. “चारदा. पहिल्यांदा चिडली, मंग स्वयंपाकघरात जाऊन हसत बसली. तिची आय म्हनली, आगं, दोन बोटं न्हाईत त्याला. तर म्हणती, आई, दोन दीर न्हाईत ह्याच्यापरीस बरं.” त्यांनी टोपी नीट केली. “तारीख धरा म्हणाव त्याला. आन् तुमी लग्नात लाऊडस्पीकर बघा. फुकाट.”

शिक्षा म्हणून ती फार हलकी होती. त्यानंतर छापलेल्या सगळ्या कॅसेटींवर ‘सेवानिवृत्त थोरला व सेवानिवृत्त धाकटा’ असंच आहे. पुढं एमपीथ्री आली, मग मोबाइलची कार्डं आली, आणि माझं दुकान कव्हरं आणि चार्जर विकायला लागलं. मूळ टेप ओल लागून चिकटली आहे. आबांचा आवाज आता फक्त लोकांच्या घरी उरलेल्या कॅसेटींत असेल, आणि ते कोकरूही. त्यांना नीट जपून ठेवलं नाही, याचं मला त्या काळ्या चौकटीपेक्षा जास्त वाईट वाटतं. कोणाच्या माळ्यावर एखादी सापडली तर पेन्सिलीनं हळूहळू फिरवून बघावी आणि मला कळवावं.

लग्न दौंडला झालं. मी माइकपाशी. अक्षता पडल्या, मंगळसूत्र झालं, आणि मग बायकांनी नवरीला नाव घ्यायला गाठलं. मी माइक तिच्यापुढं धरला. ती काही बोलायच्या आत पलीकडून कंपनीतली पोरं ओरडू लागली, “आधी नवरदेवाची ओवी, आधी नवरदेवाची ओवी.” बिरू उठला. नवरदेवाचा शेला खांद्यावरून डाव्या हातावर घेतलेला. समोर मायाप्पांचे सगळे रेल्वेवाले, मंगलचे आजोळचे, अर्ध्यांना काही माहीत नाही. त्यानं हात शेल्यातच ठेवला आणि सुरू केलं. सूर लागेना. पुन्हा सुरू केलं. पुन्हा घसरला. मांडवात कुजबुज झाली. आबा पहिल्या रांगेत झील धरायला तोंड उघडून बसले होते, त्यांना धरायला काही मिळेना. मायाप्पा जमिनीकडे बघत होते. माइक अजून नवरीच्या तोंडापुढंच होता आणि चालू होता, हे त्या गडबडीत मी विसरलो.

म्हणून मंगल जे त्याला हळू बोलायला गेली, ते चार कर्ण्यांतून अख्ख्या दौंडनं ऐकलं:

“हात काढा की भाईर, आन् ठेवा कानावर. दोघांचंबी सुतक पाळून झालंय माझं.”